ओढून नेता येणारे टिकाऊ घर: मुंबई परिसरात निवड कशी करावी

इमारत पुनर्विकासाला गेली की विकासकाकडून भाडे मिळते आणि कुटुंबाला काही वर्षे दुसरीकडे काढावी लागतात. अशा वेळी ज्यांची कर्जत, मुरबाड, वाडा, पेण किंवा कोकणात थोडीफार जमीन आहे, त्यांच्या मनात एक विचार हमखास येतो: भाड्यात पैसे घालण्यापेक्षा त्या जमिनीवर एखादे तयार घर नेऊन ठेवावे, आणि पुढे गरज संपली की ते ओढून दुसरीकडे न्यावे किंवा विकून टाकावे. निवृत्तीनंतर गावी जाण्याची तयारी करणारे आणि शेतावर राहून मुंबईचे काम संगणकावरून करणारेही याच वाटेने येतात. विचार चुकीचा नाही. मात्र बाजारात शिरण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: हे घर येत्या दहा वर्षांत किती वेळा हलणार आहे? साचा, वजन, किंमत आणि कागदपत्रे हे सगळे या एका उत्तरावरून ठरते, आणि बहुतेक खरेदीदार नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातात.

आधी जमीन, मग घर

मुंबई महापालिकेच्या हद्दीत चाकांवरच्या घरात कायम राहता येणार नाही, असे धरूनच पुढे जावे. रस्त्यावर उभे केले तर ते अडथळा ठरते आणि सोसायटीच्या आवारात वाहन लावण्याच्या जागेचा राहण्यासाठी वापर करता येत नाही. मोकळ्या भूखंडावर ठेवले तरी सुटका नाही, कारण १८८८ च्या महापालिका अधिनियमातील इमारतीच्या व्याख्येत शेड, झोपडी आणि धातूसह कोणत्याही साहित्याची रचना येते. ‘चाके आहेत म्हणून परवानगी लागत नाही’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य आहे. ते बोलणारा माणूस नोटीस आल्यावर फोन उचलत नाही. राज्याचे २०२१ चे कॅरॅव्हॅन धोरणही पर्यटनासाठी आहे, त्याच्या आधारावर कोणाला वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

मुंबईबाहेर चित्र थोडे सैल आहे, पण मोकळे नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ‘विकास’ या संज्ञेत जमिनीच्या वापरातील बदलही येतो, त्यामुळे पाया न खोदता ठेवलेली केबिनही राहण्यासाठी वापरली की प्रश्न उपस्थित होऊ शकतो. शेतजमिनीवर शेतघर बांधायचे तर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार किमान ०.४० हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर क्षेत्र लागते. ही नियमावली जिथे लागू नाही तिथे स्थानिक नियोजन प्राधिकरणाचे नियम पाहावेत. शेतजमीन नव्याने घ्यायची असेल तर खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. जमीन हाती असली तरी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना शांतपणे वाचावा: कूळ, आदिवासी खातेदार, खाजगी वन अशा नोंदी तिथेच दडलेल्या असतात. माथेरानच्या भोवती २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर आहे आणि अलिबाग ते डहाणू या किनाऱ्यालगत सागरी नियमन क्षेत्राची बंधने आहेत. तलाठी, ग्रामपंचायत आणि नियोजन प्राधिकरण या तिन्ही ठिकाणी जाऊन काय चालते हे लेखी विचारावे. तोंडी ‘ठेवा हो, कोण बघतंय’ हे उत्तर सरपंच बदलेपर्यंतच टिकते.

चाके कोणाला हवीत

किती वेळा हलवणार याचे उत्तर मिळाले की तीन प्रकारांतून निवड करता येते.

वर्षातून अनेकदा, स्वतःच्या गाडीमागे लावून न्यायचे असेल तर खरा कॅरॅव्हॅन ट्रेलरच लागतो. तो हलका, आणि त्यामुळे पातळ असतो. सलग राहण्यासाठी तो सर्वांत कमी सोयीचा आणि चौरस फुटामागे सर्वांत महाग पडतो. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे मोटार वाहनच आहे. त्याला स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र क्रमांक आणि विमा लागतो. विक्रेत्याकडे त्या नमुन्याचे प्रकार-मान्यता प्रमाणपत्र (तो नमुना रस्त्यासाठी तपासून मंजूर झाल्याचा दाखला) आहे का, आणि तो नोंदणीच्या अर्जासाठी फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व फॉर्म २२ (वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला) देणार का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारावे. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरने जोडून दिलेला, कागद नसलेला ट्रेलर दिसायला तसाच असतो, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, तेव्हा त्यापेक्षा रुंद ‘प्रशस्त’ नमुना कोणी दाखवलाच तर तो रस्त्यावरून न्यायचा नाही हे समजून घ्यावे.

दोन-चार वर्षांतून एकदा हलवायचे असेल तर चाके विकत घेण्यात अर्थ नाही. पोलादी चौकटीवर बसवलेली केबिन किंवा कंटेनर हायड्रा क्रेनने उचलून लो-बेडवर (कमी उंचीच्या सपाट ट्रेलरवर) ठेवता येतो, आणि एकदा पोहोचला की तो जमिनीवर घट्ट बसतो. माझ्या मते मुंबई परिसरातल्या दहापैकी आठ-नऊ जणांसाठी हाच पर्याय योग्य आहे. मधला प्रकार, म्हणजे ट्रॅक्टरने सावकाश ओढता येणारी चाकांवरची केबिन, फक्त एकाच मोठ्या शेतात जागा बदलणाऱ्यांच्या उपयोगाचा. महामार्गावर तो नेऊ नये.

वजन कागदावर मांडा

ट्रेलरच घ्यायचा ठरला तर पुढची पायरी वजनाची, आणि ती टाळून कोणी पुढे जाऊ नये. उदाहरणादाखल सोळा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद ट्रेलर घेऊ. चौकट, आस आणि चाके साधारण ४५० किलो. भिंती आणि छत मिळून सुमारे ४३ चौरस मीटर होतात. ५० मिलिमीटरचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक फोम) चौरस मीटरला ११ किलो धरले तर ते ४७० किलो. जमिनीला १८ मिलिमीटरचे मरीन प्लाय १४० किलो. कपाटे, पलंग, ओटा २०० किलो. पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की आणखी २०० किलो. फ्रीज, वातानुकूलन, बॅटऱ्या १५० किलो. कपडे, भांडी, पुस्तके, धान्य ३०० किलो. बेरीज १,९०० किलोच्या पुढे जाते. विक्रेता सांगतो तो बहुधा रिकाम्या घराचा आकडा असतो.

आता गाडीकडे वळावे. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली आहे का ते पाहावे. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत हा आकडाच नसतो, तेव्हा उत्पादकाकडून लेखी उत्तर मागवावे. हुकावर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के असावा, म्हणजे आपल्या उदाहरणात १९० किलो. तो फार कमी ठेवला की वेगात ट्रेलर मागे वळवळू लागतो. युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल तर हीच मर्यादा आपणही पाळावी. खरेदीच्या दिवशी ट्रेलर सरळ जवळच्या वजनकाट्यावर न्यावा, पावती घ्यावी आणि ती कागदपत्रांत ठेवावी.

कंटेनर घेताना काय पाहावे

न्हावा-शेवा बंदरामुळे उरण, द्रोणागिरी, पनवेल या भागात वापरलेल्या कंटेनरचे अनेक यार्ड आहेत, आणि मुंबईकराला मिळणारा हा मोठाच फायदा आहे. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो, रिकाम्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. आतली रुंदी २.३५ मीटर, दोन्ही बाजूंना उष्णतारोधक थर आणि अस्तर लावले की हाती २.२ मीटर उरतात. उंचीचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर असते. जमीन आणि छताचे थर वजा केल्यावर तिथे छताचा पंखा लावणे धोक्याचे ठरते, उंच माणसाने हात वर केला की पाते लागेल. म्हणून एक तर भिंतीवरचे पंखे लावावेत किंवा ‘हाय क्यूब’ हा फूटभर जास्त उंच प्रकार शोधावा. तो चाळीस फुटी मापात सहज मिळतो, वीस फुटीत शोधावा लागतो.

यार्डात दुपारी, भर उन्हात जावे. कंटेनरमध्ये शिरून बाहेरच्या माणसाला दोन्ही दारे घट्ट लावायला सांगावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. छतात किंवा कोपऱ्यात कुठेही टाचणीएवढा उजेड दिसला तर ते भोक समजावे. नुसता रंग मारून झाकलेली भोकेही अशी उघडी पडतात. त्यानंतर खाली वाकून तळाच्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात, कारण गंज तिथून खातो आणि तिथे कोणी रंग लावत नाही. लहान हातोडीने ठोकत जावे: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो. दाराजवळच्या धातूच्या पट्टीवर निर्मितीचे वर्ष असते, आणि लाकडी तळाला कोणते कीटकनाशक लावले होते त्याचीही नोंद असते. आत रसायनाचा उग्र वास असेल, तळावर तेलाचे डाग असतील तर तो कंटेनर सोडून द्यावा. जिथे मुले जमिनीवर बसून जेवणार, तिथे ही जोखीम घेण्याचे कारण नाही. शक्य झाल्यास जुना प्लाय काढून नवा, पाण्यात टिकणारा आयएस ७१० दर्जाचा बसवावा.

खिडक्यांसाठी पत्रा कापला की कंटेनरची ताकद कमी होते, कारण त्याच्या पन्हळी भिंती भार पेलतात. प्रत्येक कापाभोवती चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घ्यावी आणि एका लांब भिंतीचा मोठा भाग काढायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावे.

मुंबईत आणखी एक जुना माल फिरत असतो, तो म्हणजे चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन. स्वस्त मिळाली म्हणून अनेकांना तिचा मोह होतो. मात्र ती जनरेटर आणि वातानुकूलन अखंड चालू राहणार या हिशेबाने बांधलेली असते, त्यामुळे वारा खेळायला जागा नसते, आणि जुन्या इंजिनाचे पासिंग हा वेगळाच जाच. व्हॅन घेण्यापेक्षा ती बांधणारा कारागीर गाठावा. लहानशा धातूच्या खोलीत नळ, निचरा आणि वायरिंग कसे बसवायचे हे त्याच्याइतके फार थोड्यांना कळते.

पाऊस, ऊन आणि खारा वारा

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो आणखी वाढतो. इतक्या पाण्यात सपाट छत टिकत नाही. घराच्या छतापासून फूट-दीड फूट वर, उतार दिलेले वेगळे पत्र्याचे छप्पर घालावे आणि ते चारी बाजूंनी निदान दोन फूट बाहेर काढावे. हे एकच काम ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते, मधली हवा वाहत राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत आतले तापमान सुसह्य होते. पैसे कमी असतील तर आतली सजावट मागे ठेवावी, पण हे छप्पर मागे ठेवू नये.

आतल्या थराची निवडही पावसाळा पाहून करावी. रात्री पत्रा थंड होतो, घरातली दमट हवा त्याला लागते आणि छताच्या आतून पाणी ठिबकते. नवख्या मालकाला ती गळती वाटते आणि तो वरून डांबर लावत बसतो. यावर उपाय म्हणजे पत्र्याला फट न ठेवता चिकटून बसणारा पफचा फवारा. काचेचे लोकर एकदा ओले झाले की निकामी होते. पफ जळते हे मात्र विसरू नये: त्यावर आगीला दाद न देणारे अस्तर असावे आणि झोपण्याच्या जागेजवळ माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी असावी. दोन समोरासमोर खिडक्या आणि वर गरम हवा जाण्यासाठी झरोका नसेल तर भाद्रपद येईपर्यंत कपाटात बुरशी धरलेली असेल.

नवी चौकट बनवून घ्यायची असेल तर ती वेल्डिंग पूर्ण झाल्यावर गरम जस्ताच्या कढईत बुडवून गॅल्व्हनाइज करून घ्यावी. आधीच गॅल्व्हनाइज केलेले पाइप आणून वेल्ड केले तर नेमक्या सांध्यावरचे जस्त जळते. तसे करावेच लागले तर सांधा घासून त्यावर जस्तयुक्त रंग लावावा.

वाऱ्याचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा गावेच्या गावे छपराविना उरली. हलक्या घराला हा धोका पक्क्या घरापेक्षा जास्त असतो. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाजूवर तो १,७७० किलोंचा धक्का देतो. चाकांमुळे हा धक्का जमिनीपासून १.७ मीटर उंचीवर बसतो असे धरले तर घर उलथवणारा जोर ३,००० किलो-मीटर (म्हणजे किलो गुणिले मीटर) येतो. दोन टन वजनाचे, दोन मीटर रुंदीच्या पायांवर उभे असलेले घर स्वतःच्या वजनाने फक्त २,००० किलो-मीटर पेलते. म्हणजे न बांधलेला ट्रेलर आडवा होऊ शकतो.

उपाय महागडा नाही. चार कोपऱ्यांना दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे ठोकळे जमिनीत ओतावेत, प्रत्येकाचे वजन साधारण पाचशे किलो भरते. त्यांत गॅल्व्हनाइज केलेल्या सळईचे हुक पुरावेत आणि टर्नबकलने (फिरवून ताण वाढवता येणाऱ्या स्क्रूच्या जोडाने) चौकट ताणून बांधावी. वाऱ्याकडचे दोन ठोकळे मिळून उणीव भरून काढतात आणि वर थोडी राखीव ताकद उरते. वरचे वेगळे छप्पर असेल तर ते स्वतःही वारा पकडते, म्हणून त्याचे खांब निराळे पुरावेत. चाकांवर भार न ठेवता घर जॅकवर उचलून ठेवावे. टायर न वापरताही पाच-सहा वर्षांत तडकतात; त्यांच्या बाजूवर छापलेल्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष वाचता येते.

वीज, पाणी, शौचालय

धातूच्या घरात विजेची हयगय जिवावर बेतते. अर्थिंगची सळई वेगळी पुरावी, घराची चौकट तिला जोडावी आणि मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवावा. त्याचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. शेतीपंपाच्या जोडणीवरून घर चालवणे नियमबाह्य आहे. महावितरणकडे घरगुती जोडणीचा अर्ज करावा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी.

शौचालयासाठी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा हाच सरळ मार्ग. ज्यांना पुढे जागा सोडायची आहे त्यांनी रेल्वेच्या डब्यांत वापरतात तशी जैवपाचक टाकी घ्यावी, कारण ती उचलून नेता येते. विहीर किंवा बोअर कोणत्या बाजूला आहे ते पाहून खड्डा उताराच्या खालच्या अंगाला काढावा.

वाहतूक आणि पैसा

यार्डापासून शेतापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर सगळ्यांत नडतो. लो-बेडवर चढलेला उंच कंटेनर चार मीटरच्या आसपास जातो, आणि गावातल्या विजेच्या तारा त्याच उंचीवर झोळ खात असतात. आधी मोटारसायकलवरून रस्ता फिरून यावा: मोरीची रुंदी, वळणे, झाडांच्या फांद्या, तारा. तार खाली असेल तर महावितरणच्या लाइनमनशी बोलून पुरवठा बंद ठेवण्याची वेळ ठरवावी. हायड्राला कडक जमीन लागते, त्यामुळे हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. पहिल्या पावसानंतर भातखाचरात क्रेन रुतली की तिला काढायला दुसरी आणावी लागते.

परवडते का, हे ठरवताना चौरस फुटाचा दर बाजूला ठेवावा. त्या दरात जीएसटी, वाहतूक, क्रेन, ठोकळे, टाकी, वरचे छप्पर आणि वीजजोडणी बहुधा नसते. हे सगळे धरून एकूण खर्च समजा ७ लाख झाला आणि पाच वर्षांनी घर अडीच लाखांना गेले, तर साडेचार लाख भागिले साठ महिने, म्हणजे महिन्याला साडेसात हजार पडले. त्यात मुंबईला जाण्या-येण्याचा रेल्वे पास आणि तासही मिळवावेत, आणि मग तो आकडा विकासकाच्या भाड्याशी ताडून पाहावा. घर विकताना मूळ बिल आणि कंटेनरचा क्रमांक विचारला जातो, म्हणून रोखीने, बिलाशिवाय व्यवहार करू नये.

फॅब्रिकेटरशी करार करताना पत्र्याचे गेज (जाडी), प्लायचा दर्जा, पफची जाडी आणि सांध्यांवरील जस्ताचा रंग या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी: चौकट उभी राहिल्यावर एक हप्ता, अस्तर लावण्यापूर्वी वायरिंग स्वतः पाहून दुसरा. घर ताब्यात घेताना छतावर आणि प्रत्येक खिडकीवर निदान अर्धा तास पाण्याचा पाइप सोडून ठेवावा आणि आतून कोपरे हाताने चाचपावेत. एकूण रकमेच्या दहाएक टक्के जुलै अखेरपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात असावी. ही अट ऐकून जो कारागीर कुरकुर करेल, त्याच्याकडे काम देऊ नये.